व्हिनेगरनं काय निघतं आणि काय निघत नाही

तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मला समजलं ते असं. वाघोलीतला भाड्याचा फ्लॅट, वर्षभर टँकरचं पाणी, नळांवर आणि बाथरूमच्या काचेवर पांढरा थर. कुठल्याशा व्हिडिओत बघून व्हिनेगरच्या सहा बाटल्या आणि खाण्याचा सोडा आणलात आणि दोन्ही एकत्र कालवून घरभर फिरवलंत. नळ जरासे उजळले, शेगडीमागच्या टाइल्स होत्या तशाच चिकट राहिल्या, आणि ओट्यावर मात्र धुरकट ठिपके उमटले. कामाच्या मावशी म्हणतायत, "ॲसिड आणून द्या, एका दिवसात काढते." घर पुढच्या महिन्यात सोडायचंय, डिपॉझिटची काळजी आहे. आणि प्रश्न असा की व्हिनेगर हे निव्वळ थोतांड आहे की तुमचंच काही चुकलं?

थोतांड नाही. मी सतरा वर्षं पुण्यात रिकामी घरं साफ करून देते. जुना भाडेकरू गेला आणि नवा यायचा आहे, त्या मधल्या दोन दिवसांत. आम्ही चौघीजणी आहोत आणि आमच्या पिशवीत आजही व्हिनेगर असतं. पण तुमच्या घरात तीन वेगळ्या जातीचे डाग आहेत आणि तिघांना तुम्ही एकच औषध पाजलंत, तेही आधीच मारून. ते कसं, हे खाली येतंच.

माझ्या आजीकडे बाटलीतलं काहीच नव्हतं. तांब्याचा बंब चिंचेनं निघायचा, समई आमसुलानं, कधी शिळ्या ताकानं. तेलाची कढई मात्र तिनं कधी चिंचेनं घासली नाही; तिला चुलीतली राख. तिला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण कुठल्या डागाला आंबट लागतं आणि कुठल्याला खार, हे हाताला माहीत होतं. घरसफाईचं निम्मं शहाणपण तेवढंच आहे. व्हिनेगर आंबटात मोडतं, सोडा खारात.

आता तुमच्या नळांवरचा थर. लोक त्याला 'क्षार' म्हणतात. मी इथे चुना म्हणते, कारण आहे तो बहुतांशी चुनाच, कॅल्शियम कार्बोनेट. पुण्याच्या आसपास जमिनीखाली काळा बेसाल्ट आहे. त्यातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळून येतं. टँकर बहुतेक असल्याच बोअरवर भरतात. खडकवासला धरणाचं पाणी येणाऱ्या घरांत आम्हाला हा थर एवढा जाड दिसत नाही, म्हणून तुम्ही लिहिलेला सदाशिव पेठेतल्या मैत्रिणीचा अनुभव तुम्हाला लागू पडणार नाही. अंदाजासाठी सांगते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतात आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ६०० चं पाणी धरलं तर १५ लिटरच्या एका बादलीत ९ ग्रॅम चुना झाला. सगळा काही भिंतीवर बसत नाही, पण जे थेंब नळावर, काचेवर तसेच वाळतात ते आपापला वाटा मागे ठेवून जातात. वर्षभर, रोज.

व्हिनेगर हे पाण्यात पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड. दुकानातलं पांढरं व्हिनेगर साधारण चार-पाच टक्क्यांचं असतं आणि बाटलीवर 'सिंथेटिक' असं छापलेलं असतं. खाण्यासाठी कुणी नाक मुरडेल, सफाईला हेच हवं. ॲपल सायडरचं महागडं नको. गोव्याकडचं माडाच्या सुरेचं तर मुळीच नको; त्याचा रंग आणि वास मागे राहतो, आणि विंदालूत जायच्या वस्तूनं नळ पुसणं हे मला तरी पाप वाटतं.

हे ॲसिड चुन्याला लागलं की बुडबुडे येतात, चुना विरघळणाऱ्या रूपात बदलतो आणि पाण्याबरोबर धुऊन जातो. पण त्याची ताकद मोजकी आहे. चार टक्क्यांच्या एका लिटरमध्ये ४० ग्रॅम ॲसिड, आणि ते फार तर ३३ ग्रॅम चुना खाऊ शकतं. तेही वेळ दिला तर. फवारलं आणि लगेच पुसलं यात व्हिनेगरचा दोष नाही, ते आपलं काम सुरू करायच्या आत तुम्ही त्याला हाकलता.

आणि इथेच तुमचा खाण्याचा सोडा आडवा आला. सोडा खार, व्हिनेगर आंबट. दोघं भेटले की एकमेकांना संपवतात. तो जो फेस व्हिडिओत इतका छान दिसतो, तो त्यांचं आपापसातलं भांडण आहे, डागाला त्यातलं काही मिळत नाही. हिशोब बघा : १०० मिली व्हिनेगरमधलं सगळं ॲसिड मारायला साडेपाच-सहा ग्रॅम सोडा पुरतो, म्हणजे लहान चमचाभर. तुम्ही वाटीला दोन चमचे घातलेत म्हणता. म्हणजे घरभर फिरवलंत ते थोडा सोडा आणि डागाला काही न करणारं एक लवण (सोडियम ॲसिटेट, खायचं मीठ नव्हे) असलेलं पाणी. नळ जे उजळले ते तुमच्या घासण्यानं.

तेव्हा पुन्हा हात घालण्याआधी डाग ओळखा. कोरड्या डागावरून नख फिरवा. पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं आणि व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर बारीक बुडबुडे आले, की तो चुना. बोट चिकटलं आणि टिशू पेपर पिवळा झाला, की तेल. आणि हाताला गुळगुळीत लागतंय, वर काहीच बसलेलं नाही, तरी मंद दिसतंय, तर तिथे काढण्यासारखं काही उरलेलं नाही, पृष्ठभागच झिजलाय. या तिसऱ्या प्रकारावर माणसं सगळ्यात जास्त पैसे आणि कोपर घालवतात.

नळांचं सांगते. जुना सुती बनियन फाडून पट्ट्या करा, नुसत्या व्हिनेगरमध्ये भिजवा, नळाला गच्च गुंडाळा आणि वरून प्लास्टिकची पिशवी बांधा. पिशवी एवढ्यासाठी की एप्रिल-मेमध्ये फडकं दहा मिनिटांत वाळतं, आणि वाळलेलं व्हिनेगर काम करत नाही. वीस मिनिटं ते अर्धा तास. मग जुन्या टूथब्रशनं घासा, भरपूर पाण्यानं धुवा, कोरडं पुसा. थर जाड असेल तर दोनदा-तीनदा हेच करा, पण एकदाच रात्रभर बांधून ठेवू नका. क्रोमच्या मुलाम्याला कुठे बारीक चीर असेल तर ॲसिड आत शिरतं आणि मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. सोनेरी किंवा काळ्या फिनिशचे नळ असतील तर पाच मिनिटांच्या वर जाऊ नका. तारेचा काथ्या कशालाच लावायचा नाही. धार वाकडी येत असेल तर नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा आणि वाटीत बुडवून ठेवा. शॉवरचं डोकं निघत असेल तर तेही असंच मगात.

काचेला फडकं चिकटून राहत नाही, तिथे टिशू पेपर भिजवून भिंतीला पोस्टर लावतात तसे लावायचे. चुना सैल झाला की जुनं एटीएम कार्ड आडवं धरून खरवडा. तीन वेळा केल्यावरही काच गुळगुळीत पण धुरकट राहिली तर समजा की काचच खराब झालीये, ती पॉलिशवाल्याशिवाय सुधारत नाही. टाइल्सच्या मधल्या सांध्यांत सिमेंट असतं आणि सिमेंटलाही आंबट चालत नाही. म्हणून व्हिनेगर लावायच्या आधी सांधे साध्या पाण्यानं भिजवून घ्यायचे, म्हणजे ते पाणी पिऊन बसतात आणि ॲसिड आत कमी जातं. ही सवय मी एका गवंड्याकडून उचलली आणि तेव्हापासून मोडलेली नाही.

शेगडीमागच्या टाइल्स हे अगदी वेगळं प्रकरण. तो फोडणीचा वाफारा. तेल उडतं, उष्णतेनं घट्ट होतं, त्यावर धूळ बसते आणि वर्षभरात त्याचा जवळजवळ वार्निश होतो. त्याला व्हिनेगर काही करत नाही. तिथे धुण्याचा सोडा हवा. खाण्याचा नव्हे, तो फार सौम्य. अर्धा लिटर कडकडीत पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, हातात रबरी मोजे. फडकं भिजवून टाइल्सवर थापा, दहा मिनिटं थांबा, मग पुसा. पहिल्या हाताला फडकं चहासारखं तपकिरी होईल, दचकू नका. चिमणीची जाळी स्टीलची असेल तर ती याच पाण्यात बुडवता येते; ॲल्युमिनियमची असेल तर नको, काळी पडते. शेवटी साध्या पाण्यानं दोनदा पुसा. सोड्याची पांढरी पुटं राहिलीच तर आता, आणि आत्ताच, व्हिनेगर घातलेल्या पाण्याचा हात फिरवा. म्हणजे खार आधी, आंबट नंतर, मध्ये पाणी. दोघांनाही काम आहे, फक्त एकाच भांड्यात नाही.

आता ओटा, ज्यासाठी तुम्ही खरं म्हणजे लिहिलंत. त्याचं उत्तर दगड कोणता यावर आहे आणि फोटोवरून मला ते कळत नाही. काळा ग्रॅनाइट आणि काळा कडप्पा लांबून भावाभावासारखे दिसतात. कडप्पा, शहाबाद, कोटा हे चुनखडीच्या घराण्यातले दगड, आणि संगमरवरही चुन्याचाच. नळावरचा चुना खाणाऱ्या ॲसिडला ओट्यातला चुना काय वेगळा ओळखू येणार? ते त्यालाही खातं. पॉलिश जातं आणि तेवढाच भाग मंद दिसतो. ग्रॅनाइट यातला नाही, तो एवढ्यानं सहसा बिघडत नाही.

खात्री अशी करा. ओट्याच्या खाली, सिलिंडर ठेवतात तिकडे दगडाची कड दिसते. तिथे व्हिनेगरचा एक थेंब टाकून दोन मिनिटं बघा. बारीक बुडबुडे आले, किंवा पुसून वाळल्यावर तेवढाच ठिपका फिका राहिला, तर चुनखडी. काहीच झालं नाही तर बहुधा ग्रॅनाइट, आणि मग तुमचे धुरकट ठिपके म्हणजे त्या फेसाची वाळलेली पुटं असण्याची शक्यता मोठी. कोमट पाणी आणि भांड्याचं लिक्विड लावून दोनदा धुवा, कोरडं पुसा, जातील.

चुनखडी निघाली तर मात्र घरगुती उपाय नाही. खोबरेल तेलाचा हात दिला की कडप्पा काळाभोर दिसतो आणि ठिपके लपतात, पण आठ-दहा दिवसांत परत डोकं वर काढतात. पॉलिशवाला मशीन फिरवून घालवू शकतो. तेल लावून चावी देऊ नका. मालकांना आधीच सांगा. मी दोन्ही बाजूंची घरं बघते आणि माझा अनुभव असा की चावी देताना सापडलेल्या डागाचे पैसे नेहमी जास्त कापले जातात.

यात मी शहाणी आहे असं समजू नका. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी कर्वेनगरात एका जुन्या बंगल्यात आम्ही मोझॅइकची फरशी व्हिनेगरच्या पाण्यानं पुसली. पुसताना सुंदर दिसली. वाळली तेव्हा दिवाणखान्याच्या अर्ध्या भागाची चकाकी गेलेली. मोझॅइकमध्ये सिमेंट आणि संगमरवराची खडी असते, म्हणजे दोन्हीकडून मार. पॉलिशचे पैसे मी भरले आणि त्या महिन्यात आम्हा कुणालाच काही उरलं नाही. तेव्हापासून नवीन घरात पहिली अर्धी चक्कर आम्ही नुसती बघत फिरतो : उंबरा कशाचा, खिडकीची फळी कशाची, देव्हाऱ्याखाली संगमरवर आहे का.

मावशींच्या ॲसिडबद्दल. बाथरूमसाठी जे 'ॲसिड' म्हणून मिळतं ते हायड्रोक्लोरिक. एका दिवसात काढेल हे खरं आहे. त्याबरोबर नळांचं क्रोम, सांध्यांतलं सिमेंट आणि मोरीच्या स्टीलच्या जाळीची रयाही काढेल. नुसत्या वाफेनंसुद्धा जवळपासचं स्टील गंजतं. आणि ते श्वासातून मावशींच्या छातीत जाणार, तुमच्या नाही. माझं उत्तर नाही असं आहे.

याहून मोठी गोष्ट. व्हिनेगर असो, लिंबूसत्व असो की टॉयलेट क्लीनर, कुठल्याही आंबटाजवळ ब्लीच आणायचं नाही. टाकीत टाकायची टीसीएल पावडर म्हणजेही ब्लीचच. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्यात नवीन आलेल्या मुलीनं, टाइल्सवर व्हिनेगरची फडकी तशीच असताना, फरशीचा वास जावा म्हणून बादलीत टीसीएल कालवून ओतलं. चार बाय सहाचं बाथरूम, पंखा बंद. क्षणात डोळ्यांतून पाणी, घशात जाळ. त्यातून निघतो तो क्लोरीन वायू. दार उघडं टाकून आम्ही सगळ्या जिन्यात पळालो. ती पोर दोन दिवस खोकत होती. आता ब्लीच आमच्या पिशवीतच नसतं. ज्या घरी ते हवंच असेल तिथे ते दुसऱ्या दिवशी, सगळं धुऊन वाळल्यावर.

स्वस्ताईचं राहिलं. तुम्हाला वाटतंय व्हिनेगर स्वस्त आहे. नळाला स्वस्त, अख्ख्या बाथरूमला नाही. सहा बाटल्यांतलं बहुतेक पाणीच आहे आणि तुम्ही त्या पाण्याचे पैसे दिलेत. मोठ्या कामाला आम्ही लिंबूसत्व वापरतो, वाण्याकडे किंवा केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात ४०-४५ ग्रॅम विरघळवलं की चुना खाण्याच्या हिशोबात ते एक लिटर व्हिनेगरच्या बरोबरीचं होतं. तुमच्या दुकानातले भाव घालून बघा. किलोच्या पाकिटात फरक डोळ्यांत भरेल. शिवाय वास नाही. दगडाला मात्र तेही तितकंच वाईट. आणि कुणी स्वस्त पडतं म्हणून कॅनमधलं तीव्र ॲसेटिक ॲसिड घरी आणून पातळ करायला सांगितलं तर त्या वाटेला जाऊ नका, त्यानं कातडी भाजते.

तुम्ही ओघात लिहिलंय की आरओचं वाया जाणारं पाणी साठवून त्यानंच फरशी पुसता. हेतू चांगला आहे. पण आरओ पाण्यातले क्षार वेगळे काढून त्याच नळीतून बाहेर टाकतं, म्हणजे ते पाणी तुमच्या टँकरच्या पाण्याहूनही जड. काळ्या टाइल्सवरची पांढरी झाक बहुतेक त्याचीच. ते संडासात फ्लशला ओता, आणि फरशीला साधं पाणी घेऊन शेवटी कोरडा हात द्या. आंघोळीनंतर काचेवरून वायपर ओढायला अर्धं मिनिट लागतं. उरलेल्या महिन्यात एवढं केलंत तर काढलेला चुना परत बसणार नाही.

बाकीचं झटपट. इलेक्ट्रिक किटलीत निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी उकळून तासभर ठेवलं की तळ लख्ख होतो. नंतर दोनदा नुसतं पाणी उकळून ओता. मासळीचा वास विळीला, पाटाला राहतो त्यावर व्हिनेगर उत्तम, कारण तो वास खाराच्या जातीचा असतो. पण कोकम घरात असेल तर बाटली उघडायचीही गरज नाही. वॉशिंग मशीनमध्ये दर धुण्याला ओतू नका, रबराला सोसत नाही. जंतू मारायला त्यावर भरवसा ठेवू नका. टीव्हीच्या पडद्याला लावू नका. बिडाच्या तव्याला तर नकोच, गंजेल. गीझरचा तुम्ही उल्लेख केलाय, पण त्यातला चुना कॉइलवर असतो. तो मेकॅनिकनं उघडूनच काढायचा आणि भाड्याच्या घरात तो खर्च कुणाचा हे करारनाम्यात बघा.

म्हणजे क्रम असा धरा. उद्या ओट्याखाली थेंबाची परीक्षा आणि त्याप्रमाणे मालकांना फोन. शनिवारी स्वयंपाकघर, धुण्याच्या सोड्यानं. रविवारी बाथरूम, सांधे आधी भिजवून, पट्ट्या, पिशव्या, खिडकी उघडी. तुमच्याकडे चार बाटल्या शिल्लक असतील असं धरते. दोन नळांना आणि शॉवरला, एक काचेला लागेल. चौथी उरलीच तर लहान कांदे आणि हिरव्या मिरच्या घाला त्यात, खाण्याचीच आहे ती.